माध्यमिक शाळेंतील मुलांचे प्रयोग आणि शेतकऱ्यांचें हित

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचीं मुलें किंवा नातवंडें आज माध्यमिक शाळेंत जात असतील. वर्षांतून एकदां शाळेंत विज्ञान-प्रदर्शन भरतें. मुलगा आदल्या दिवशीं बाजारांतून पुठ्ठा, रंग व तयार चित्रें आणतो, रात्रभर जागून ज्वालामुखीचा डोंगर अथवा आदर्श गांवाचा देखावा तयार करतो, पाहुणे येऊन पाठ थोपटतात, आणि दुसऱ्या दिवशीं तो देखावा अडगळींत जाऊन पडतो. अशा प्रदर्शनांस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. मुलांच्या हातांस त्यामुळें वळण लागतें हें खरें. परंतु ज्याच्या पोटापाण्याचा धंदा शेती आहे अशा गृहस्थानें एक प्रश्न विचारल्यावांचून राहूं नये. या खटपटींतून मुलाला पूर्वीं ठाऊक नसलेलें असें काय कळलें, आणि घराच्या व गांवाच्या पदरांत काय पडलें?

हा प्रश्न विचारण्याचें कारण असें कीं, पंधरासोळा वर्षांच्या मुलामुलींनीं खरें संशोधन केल्याचीं, व त्याचा संबंध थेट शेताशीं असल्याचीं उदाहरणें आतां दुर्मिळ राहिलीं नाहींत. त्यांपैकीं दोन परदेशांतील व एक आपल्या पुणें जिल्ह्यांतील, अशीं तीन उदाहरणें येथें देण्याचें योजिलें आहे. त्यांचा एकत्र विचार करतां असें दिसून येतें कीं, मुलांच्या यशाचें बीज महागड्या उपकरणांत नसून स्वतःच्या भोंवतालांतून उचललेल्या प्रश्नांत, आणि तो सुटेपर्यंत न कंटाळतां केलेल्या मोजणींत आहे. हीं दोन्ही भांडवलें खेड्यांतील मुलाजवळ शहरांतील मुलाइतकींच आहेत. पहिलें तर अधिकच आहे.

वाटाण्याच्या मुळ्यांवरील गांठी

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, कॉर्क परगण्यांत, किन्सेल नांवाचें एक लहान बंदर आहे. तेथील माध्यमिक शाळेंत एमर हिकी, कीरा जज व सोफी हिली-थो या तीन मैत्रिणी शिकत होत्या. एमर आपल्या आईबरोबर बागेंत काम करीत असतां उपटलेल्या वाटाण्याच्या मुळ्यांवर तिला बारीक बारीक गांठी आढळल्या. झाडास रोग लागला असावा, असें प्रथम वाटलें. पण तर्कावर न थांबतां तिनें तें रोप शाळेंत नेऊन शिक्षकांस दाखविलें, तेव्हां समजलें कीं हा रोग नव्हे, ही झाडाची कमाई आहे.

आमच्या वाचकांस या गांठी नव्या नाहींत. हरभरा, तूर, भुईमूग, सोयाबीन यांपैकीं कोणतेंही रोप भर वाढीच्या वेळीं हळूच खणून काढलें व मुळ्या पाण्यांत धुतल्या, तर त्या दिसतात. एखादी नखानें फोडली असतां आंत गुलाबी रंग दिसला म्हणजे ती कामांत आहे असें समजावें. त्यांत रायझोबियम नांवाचे जिवाणू राहतात. हवेंत सुमारें ७८ टक्के नत्र आहे, पण झाडास तें तसेंच घेतां येत नाहीं. हे जिवाणू तें झाडास पचेल अशा रूपांत आणून देतात व मोबदल्यांत झाडाकडून साखर घेतात. हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं कडधान्यांचें हें रहस्य १८८६ ते १८८८ च्या सुमारास उलगडलें, आणि १८८८ सालींच बायजेरिंक या डच शास्त्रज्ञानें गांठींतील जिवाणू वेगळे काढून वाढविले. पेरणीपूर्वीं दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅमचें जें पाकीट आपण चोळतों, तें याच ज्ञानाचें फळ होय.

किन्सेलच्या मुलींनीं पुढचा प्रश्न विचारला. जव व ओट हीं त्यांच्या देशांतील नित्याचीं तृणधान्यें. तृणधान्यांच्या मुळ्यांवर अशा गांठी येत नाहींत, म्हणून त्यांस या जिवाणूंचा उपयोग काय, असें कोणीही म्हणेल. गांठी येवोत न येवोत, जिवाणूंच्या नुसत्या सहवासानें दाणा लवकर रुजतो कीं काय, हें या मुलींनीं पाहावयाचें ठरविलें. थंड व ओल्या जमिनींत दाणा जितका अधिक दिवस पडून राहील तितका तो कुजण्याचा धोका अधिक. म्हणून रुजण्याचे दिवस वांचले तर शेतकऱ्याचें बियाणें वांचतें.

त्यांची पद्धति अगदीं साधी होती. कांहीं दाण्यांस जिवाणू लावावयाचे, कांहींस लावावयाचे नाहींत, बाकी सर्व गोष्टी सारख्या ठेवावयाच्या, आणि कोणता दाणा केव्हां रुजला याची नोंद ठेवावयाची. त्यांनीं घरींच प्रयोगशाळा थाटली, हजारों दाणे तपासले, आणि हातानें घेतलेल्या मोजमापांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांस असें आढळून आलें कीं, जिवाणू लावलेले दाणे निम्म्या वेळांत रुजले व रोपांचें कोरडें वजन ७४ टक्क्यांपर्यंत अधिक भरलें. या कामास २०१३ सालीं आयर्लंडच्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रदर्शनांत पहिलें पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं युरोपीय संघाच्या स्पर्धेंत प्रथम क्रमांकाच्या पारितोषिकांत त्यांची गणना झाली, आणि २०१४ सालीं गूगल कंपनीच्या जागतिक विज्ञान-स्पर्धेंत त्या सर्वांत वरच्या ठरल्या.

येथें वाचकांस एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. ७४ टक्के हा आंकडा वाचून कोणी उद्यां ज्वारीस वा गव्हास रायझोबियम लावून पावणेदोनपट धान्याची वाट पाहूं लागेल, तर त्याची निराशा होईल. कोरडें वजन म्हणजे रोपांतील पाणी आटवून उरणारें वजन. तें खळ्यावरील धान्याचें माप नव्हे. शिवाय ‘७४ टक्क्यांपर्यंत’ याचा अर्थ सर्वांत चांगल्या प्रयोगांतील आंकडा असा आहे, सरासरी असा नव्हे. आपल्याकडे तृणधान्यांस ॲझोटोबॅक्टर वा ॲझोस्पिरिलम व कडधान्यांस रायझोबियम, आणि तेंही ज्या त्या पिकाच्या गटाचें, हीच शिफारस चालू आहे व ती पाळावी. या मुलींचें खरें यश आंकड्याच्या मोठेपणांत नाहीं. ज्यास जिवाणू लावले नाहींत असा तुलनेचा दाणा प्रत्येक वेळीं शेजारीं ठेवण्याची शिस्त त्यांनीं लाखभर वेळां पाळली, यांत तें आहे. नवें खत वा औषध अंगावर घालतांना एक पट्टा कोरा ठेवणारे आपल्यांत किती शेतकरी आहेत, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

संत्र्याची साल व अवर्षण

दुसरें उदाहरण आपल्या स्थितीस अधिक जवळचें, म्हणजे अवर्षणाचें आहे. २०१५ साल दक्षिण आफ्रिकेस फार कडक गेलें. १९०४ पासून ठेवलेल्या नोंदींत तितका कमी पाऊस कोणत्याही वर्षीं झाला नव्हता. मका वाळला, जनावरें मेलीं. हें सारें पाहणाऱ्या जोहान्सबर्गच्या कियारा निर्घीन या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीनें जमिनींत ओल धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा विचार सुरू केला. असे पदार्थ बाजारांत पूर्वींपासून आहेत. ते स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषून घेतात व मुळ्यांस हळूहळू देतात. परंतु ते बहुधा रासायनिक द्रव्यांपासून केलेले, महाग, व जमिनींत लवकर न कुजणारे असतात. संत्र्याच्या सालींत पेक्टिन नांवाचें चिकट द्रव्य असतें, तें पाणी धरून ठेवतें. आणि रस काढणाऱ्या कारखान्यांतून साल टाकाऊ म्हणून बाहेर पडते. तिनें ही साल व ॲव्होकॅडो फळाची साल यांपासून पाणी धरणारा पदार्थ तयार केला, आणि २०१६ सालीं गूगलच्या त्याच स्पर्धेंत पहिलें पारितोषिक व ५०,००० डॉलरची शिष्यवृत्ति मिळविली.

या प्रयोगांतील घेण्यासारखी गोष्ट म्हणजे टाकाऊ मालाकडे पाहण्याची दृष्टि. नागपूर-अमरावतीकडील संत्र्याची साल, उसाची मळी, केळीचे खुंट, कापसाच्या पऱ्हाट्या, यांपैकीं प्रत्येक वस्तु शाळेच्या एकेका प्रयोगाचा विषय आहे. मात्र येथेंही हें ध्यानांत ठेवावें कीं, शाळकरी प्रयोगास पारितोषिक मिळालें म्हणजे तो पदार्थ शेतांत सिद्ध झाला असें नाहीं. निरनिराळ्या जमिनींत, निरनिराळ्या पावसांत, दोनतीन हंगाम त्याची परीक्षा व्हावी लागते, व ती करण्यास लागणारी जमीन मुलांजवळ नसते, शेतकऱ्यांजवळ असते. पारितोषिकाच्या दिवशीं टाळ्या वाजवून घरीं जाणारे लोक मिळतात. दोन गुंठे देऊन ‘माझ्या शेतांत करून पाहा’ असें म्हणणारा क्वचित् मिळतो.

पाबळचा क्रम

वरील उदाहरणें वाचून कोणी म्हणेल कीं, या मुली असामान्य, त्यांच्या शाळा चांगल्या, घरचा पाठिंबा भक्कम. आमच्या गांवच्या पन्नास मुलांच्या वर्गास याचा उपयोग काय? ही शंका रास्त आहे, व तिचें उत्तर पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत पाबळ या कोरडवाहू गांवीं मिळतें. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेंत इलिनॉय विद्यापीठांत अन्नतंत्राची डॉक्टरेट मिळविलेले व हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या संशोधन विभागांत काम केलेले शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून १९८३ सालीं त्यांनीं पाबळ येथें विज्ञान आश्रम काढला व सपत्नीक तेथेंच वस्ती केली. ३० जुलै २००३ रोजीं त्यांचें निधन झालें. त्यांनीं घालून दिलेलें काम संस्थेनें पुढें चालविलें आहे.

डॉ. कलबागांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, हातानें काम करतां करतां बुद्धीस जें कळतें तें फळ्यावर पाहून कळत नाहीं. म्हणून काम हें शिक्षणाचें साधन करावें, आणि तें काम खरें असावें, म्हणजे तें झाल्यावर कोणाच्या तरी उपयोगीं पडावें. या विचारावर माध्यमिक शाळांसाठीं त्यांनीं एक अभ्यासक्रम बसविला. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनीं आठवड्यांतून एक दिवस चार विभागांत आळीपाळीनें काम करावयाचें. ते विभाग म्हणजे अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. या विषयास राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाची मान्यता मिळाली, आणि पुढें राज्यांतील व राज्याबाहेरील पुष्कळ शाळांनीं तो उचलला.

या चार विभागांतील कामें पाहिलीं म्हणजे त्यांचें महत्त्व ध्यानीं येईल. अभियांत्रिकींत मुलें लोखंड जोडणें, सुतारकाम, वीट-सिमेंटचें बांधकाम शिकतात. ऊर्जा व पर्यावरण विभागांत घरांतील विजेची साधी जोडणी, जमिनींत गाडलेल्या तारेची म्हणजे अर्थिंगची तपासणी, पाऊस मोजणें, उताराच्या समपातळीच्या रेषा काढणें हीं कामें येतात. शेतींत मातीची तपासणी, बीजप्रक्रिया, रोपवाटिका, कोंबड्या व शेळ्या यांचें वजन व खाद्य यांची नोंद. गृह व आरोग्य विभागांत शेंगदाण्याची चिक्की व इतर खाद्यपदार्थ करणें, पाण्याची परीक्षा, रक्तगट पाहणें व रक्तांतील हिमोग्लोबिन मोजणें. प्रत्येक कामाच्या शेवटीं मुलानें खर्चाचा हिशेब मांडावयाचा असतो : माल किती लागला, मजुरी किती धरावी, विजेचा व झिजेचा वांटा किती, आणि वस्तु किती रुपयांस पडली.

ही शेवटची गोष्ट दिसण्यांत क्षुल्लक पण परिणामीं मोठी आहे. शाळेबाहेरच्या लोकांचीं कामें योग्य मोबदला घेऊन करावींत, अशी या अभ्यासक्रमाची रीत आहे. कोणाच्या फाटकास जोड द्यावा, कोणाची माती तपासून द्यावी, कोणाची अर्थिंग पाहावी. पैसे देणारा गिऱ्हाईक काम वाईट झालें तर तें घेत नाहीं, ही परीक्षा कोणत्याही लेखी परीक्षेहून कडक आहे. आपल्यांतील कितीएक शेतकरी वर्षअखेर पैसा गेला कोठें हें सांगूं शकत नाहींत. त्यांच्या घरांत चिक्कीच्या एका वडीची किंमत पैपर्यंत काढणारी मुलगी असली, तर ती एका क्विंटल कांद्याचीही काढूं शकेल.

आरोग्याचें कामही तसेंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पांचव्या फेरींत (२०१९-२१) भारतांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी असल्याचें आढळलें. शेतांतील निंदणी, खुरपणी, कापूस वेंचणी बहुतेक याच स्त्रिया करतात. गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या शंभर मिलिलिटर रक्तांत १२ ग्रॅमपेक्षां कमी हिमोग्लोबिन असलें तर तो पंडुरोग समजतात. चक्कर येणें, धाप लागणें, कामांत मन न लागणें यांस घरचे लोक आळस म्हणतात. मुलीनें शिकलेल्या तपासणींतून आईचा आंकडा आठ वा नऊ निघाला, तर घरांतील बोलणें बदलतें. अर्थात् रक्ताचें काम जाणत्याच्या देखरेखीखालीं व्हावें, सुई प्रत्येकास नवी व निर्जंतुक असावी, आणि आंकडा कमी दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट धरावी. मुलांनीं मोजावें, औषध डॉक्टरांनीं द्यावें.

आपण काय करूं शकतों

आतां आपल्या घरचें पाहूं. पुष्कळ आईबापांस असें वाटतें कीं, मुलाला शाळेंत घातलें तें शेतापासून सुटका व्हावी म्हणून. तेथेंही त्याच्या हातीं खुरपें दिलें तर शिकून उपयोग काय? ही समजूत आमच्या मतें नुकसानीची आहे. खुरपें व वही एका हातांत आलीं म्हणजे शेतीचें ज्ञान वाढतें. दोन निराळ्या हातांत राहिलीं म्हणजे शेतकरी अंदाजावर चालतो व शिकलेला मुलगा पाठांतरावर. म्हणून सभासदांनीं आपल्या गांवच्या शाळेच्या मुख्याध्यापकांस भेटून पुढील चार गोष्टी सुचवाव्या. यांपैकीं कशासही मोठा खर्च नाहीं.

पहिली, बियाण्याची उगवणशक्ति मुलांकडून तपासून घ्यावी. घरच्या सोयाबीनचे सरसकट शंभर दाणे मोजून घ्यावे, निवडून चांगले तेवढे घेऊं नयेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींनीं मांडून गुंडाळी करावी, सावलींत ठेवून रोज पाणी शिंपडावें, व सहासात दिवसांनीं चांगले कोंब मोजावे. सत्तर वा अधिक निघाले तर नेहमींचें प्रमाण, म्हणजे एकरीं ३० किलो, पुरे. साठच निघाले तर ३० ला ७० नें गुणून ६० नें भागावें. एकरीं ३५ किलो पेरावें. हा त्रैराशिकाचा हिशेब आठवीच्या मुलास येतो, व तो चुकला तर नुकसान कोणाचें हें त्यास सांगावें लागत नाहीं.

दुसरी, शाळेंत पर्जन्यमापक बसवून रोजचा पाऊस मुलांनीं फळ्यावर लिहावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारें १०१ लिटर व एका एकरावर सुमारें ४,०४७ लिटर पाणी. ‘पाऊस बरा झाला’ या वाक्याच्या जागीं ‘आज २२ मिलिमीटर झाला’ हें वाक्य गांवांत रूढ झालें, तर पेरणीची घाई व दुबार पेरणीचा खर्च पुष्कळ वांचेल.

तिसरी, ज्या सभासदास शक्य असेल त्यानें शाळेजवळचा एखाददुसरा गुंठा मुलांच्या प्रयोगास द्यावा, मात्र एका अटीवर : अर्ध्या भागांत नवी गोष्ट करावी, अर्धा भाग नेहमींसारखा ठेवावा, आणि दोन्ही भागांचें पीक निरनिराळें मोजून आंकडे, चांगले असोत कीं वाईट, गांवापुढें मांडावे. जिवाणू लावलेल्या हरभऱ्याच्या मुळ्यांवरील गांठी व न लावलेल्याच्या गांठी मोजणें हा पहिल्या वर्षीं सहज होण्यासारखा प्रयोग आहे.

चौथी, मुलांनीं केलेलें काम उपयोगाचें असेल तर त्याचे वाजवी पैसे द्यावे. फुकट करून घेतलेलें काम मुलाला खेळ वाटतो. मोल मिळालेलें काम त्याला धंदा वाटूं लागतो.

मुलाला पारितोषिक मिळालेंच पाहिजे असें नाहीं. किन्सेलच्या मुलींनीं मोजणीस आरंभ केला तेव्हां पदक समोर नव्हतें; मुळ्यांवरच्या गांठी काय आहेत, एवढेंच त्यांस पाहावयाचें होतें. असे प्रश्न आपल्या प्रत्येक बांधावर पडलेले आहेत. तूर्त एवढेंच करावें : मृग लागण्यापूर्वीं घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे व एक ओलें गोणपाट आपल्या मुलाच्या वा मुलीच्या हवालीं करावें, आणि तिचा वा त्याचा आंकडा येईपर्यंत पेरणीचें प्रमाण ठरवूं नये.